आधी नमुना, मग लेझर

मनू, गाइडनं तुला मेसोस्पिम हा प्रकाशाच्या पडद्यावर चालणारा सूक्ष्मदर्शक जुळवायला सांगितलंय हे ऐकून आनंद झाला, आणि पाठोपाठ काळजीही वाटली. झुरिकच्या मंडळींनी २०१५ मध्ये मेसोस्पिमचा उपक्रम सुरू केला. आराखडे, सुट्या भागांची यादी, पायथनमधलं सॉफ्टवेअर, सगळं कुणीही घ्यावं असं मोकळं ठेवलंय. काळजी एवढ्याचसाठी, की आराखडे फुकट म्हटल्यावर ते जुळवणारी मुलगीही फुकट, असं लॅबमध्ये हळूहळू धरून चालतात.

तेव्हा पहिलंच सांगते, भागांची यादी आत्ता उघडूच नकोस. आधी तुझा नमुना कुठल्या द्रवात बसणार ते ठरव.

ऊती अपारदर्शक दिसते, कारण तिच्यातलं पाणी, मेद, प्रथिनं यांचा अपवर्तनांक वेगवेगळा असतो आणि प्रकाश प्रत्येक सीमेवर विखुरतो. पाणी १.३३ च्या आसपास, बाकीचे त्याच्या वर. म्हणून पाणी आणि मेद काढून, उरलेल्या सांगाड्याशी जुळेल असा द्रव आत भरायचा. शरीरशास्त्रज्ञ स्पाल्टेहोल्त्झनं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी यासाठी जे द्रव वापरले, त्यात मिथाइल सॅलिसिलेट होतं, म्हणजे आपलं गंधपुरा तेल. आईच्या गुडघ्याच्या मलमाला येतो ना, तोच वास. आता बरेच जण इथाइल सिनॅमेट घेतात. अपवर्तनांक १.५६ च्या जवळपास, आणि डायबेन्झिल इथरपेक्षा पुष्कळ निरुपद्रवी. फक्त बाटली फ्रिजमध्ये ठेवू नकोस, सहा-सात अंशांना ते गोठतं. डायबेन्झिल इथर वापरावंच लागलं तर लक्षात ठेव, ते प्लास्टिक आणि गोंद खातं. थ्रीडी प्रिंटरवर हौसेनं छापलेली नमुन्याची पेटी त्यात टिकेलच असं नाही. नमुना काचेच्या छोट्या क्युव्हेटमध्ये, ती क्युव्हेट जुळत्या अपवर्तनांकाच्या तेलानं भरलेल्या मोठ्या क्युव्हेटमध्ये, ही साधी सोय उत्तम.

तुझ्या उंदरांमध्ये जीएफपी, ते हिरवं चमकणारं प्रथिन, आहे ना? मग आणखी जपून. या सेंद्रिय द्रवांत आणि त्याआधी पाणी काढताना जीएफपीची चमक मावळते. एक तर क्युबिकसारखी पाण्यातली पद्धत घे, नाहीतर अँटिबॉडीनं रंगव. अख्ख्या मेंदूत अँटिबॉडी मुरायला आठवडेच्या आठवडे जातात, ते वेळापत्रकात धर. हे ठरल्याशिवाय लेन्स मागवायची नाही, कारण ऑब्जेक्टिव्ह त्या द्रवात बुडणारं हवं की हवेतूनच बघणारं चालेल, हे त्यावरच ठरतं.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. आजोळी कौलांच्या फटीतून कवडसा पडायचा आणि फक्त त्यातलीच धूळ दिसायची. इथेही प्रकाशाचा पातळ पडदा बाजूनं घालायचा आणि त्याला काटकोनात बघायचं. झिग्मोंडी आणि झीडेनटॉफ यांनी १९०३ च्या सुमाराला असंच बाजूच्या प्रकाशात कलिलाचे कण पाहिले, आणि झिग्मोंडीला पुढे १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खरी गोम पुढे आहे. लेझरचा पडदा मधल्या कमरेपाशीच पातळ असतो, दोन्ही बाजूंना जाड होत जातो. मेसोस्पिममध्ये विजेवर चालणारी लवचीक लेन्स ती कमर नमुन्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवते, आणि कॅमेरा त्या त्या क्षणी तेवढ्याच ओळी वाचतो. दोघांची लय चुकली की चित्राची एक बाजू स्वच्छ, दुसरी धुरकट. तुझे दिवस यातच जाणार, स्क्रू पिळण्यात नव्हे. २०२४ मध्ये आलेली टेबलावर मावणारी नवी आवृत्ती जुळवायला सोपी आणि तुलनेनं स्वस्त आहे. आडव्या दिशेत १.५ आणि खोलीच्या दिशेत ३.३ मायक्रॉन इतकं बारीक दाखवते. मी असते तर डोळे झाकून तीच घेतली असती.

डोळ्यांवरून आठवलं. लेझर जुळवताना गॉगल हवाच, आणि बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेव. चकाकत्या धातूवरून परतलेला किरण कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. लाजू नकोस, कुणी हसलं तर हसू दे.

आता जे कुणी तुला सांगणार नाही ते. मशीन उभं राहिलं की सगळी लॅब नमुने घेऊन तुझ्या दाराशी येईल, आणि 'मनूला विचार' हेच यंत्राचं मॅन्युअल होईल. तुझी पीएचडी मेंदूवर आहे, यंत्रावर नाही. यावर निघणाऱ्या पेपरांमध्ये 'माझं नाव कुठे, दुसरं कोण शिकणार' हे आत्ताच विचार आणि ईमेलवर घे. गाइड चांगले असले तरी घे. चांगल्या माणसांनाही दोन वर्षांनी आठवत नाही. अडलीस की ज्यांनी आधी बांधलंय त्यांना बिनधास्त लिही. मोकळ्या आराखड्यांचा खरा फायदा पैशांपेक्षा तोच आहे, आणि बहुतेक जण उत्तर देतात.

आणि डिस्क! २०४८ गुणिले २०४८ चं सोळा-बिटी एक चित्र आठ एमबीचं. दोन हजार थर घेतलेस की सतरा जीबीच्या आसपास, तेही एकाच रंगात, एकाच तुकड्याचे. तुकडे शिवायला बिगस्टिचर हे सॉफ्टवेअर फुकट मिळेल, साठवायची जागा नाही. कोटेशन याच आठवड्यात मागव, मार्च संपला की अनुदानाचे उरलेले पैसे परत जातात.