आजचे चिंतन : पोटातला अग्नी (गीता १५.१४)



आजच्या श्लोकात भगवान म्हणतात, मी वैश्वानर अग्नी होऊन प्राणिमात्रांच्या देहात राहतो आणि प्राण-अपानाच्या साथीने चार प्रकारचं अन्न पचवतो. चार प्रकार म्हणजे चावून, गिळून, चाटून आणि चोखून खायचं.

पोळीचा एक घास घ्या. लाळ त्यातला स्टार्च फोडायला लागते. जठरात तो घुसळला जातो. सुमारे ६ मीटर लांब लहान आतड्यात त्याची साखर होऊन रक्तात उतरते. फुप्फुसांतला प्राणवायूही त्याच रक्तात येतो आणि हृदय दोन्ही पेशीपेशीला पोचवतं. तिथे साखर आणि प्राणवायू एकत्र आले की ऊर्जा मिळते, अंग ३७ अंशांच्या आसपास उबदार राहतं. म्हणजे अन्नाला श्वासाची साथ लागतेच.

गीता काही शरीरशास्त्राचं पुस्तक नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे: यातलं मी काय केलं? घास चावला, गिळला. पुढचं सगळं माझ्या हुकमाशिवाय. तापात घास उतरत नाही तेव्हा हे कळतं, धडधाकट असताना आपण विसरतो. मग ‘मी कमावतो, मी खातो’ यातला ‘मी’ कितीसा उरतो?

आजचा अभ्यास: जेवताना मोबाईल बाजूला ठेवा. पहिल्या घासाआधी एक शांत श्वास घ्या आणि आतल्या त्या अग्नीला नमस्कार करा.

हरि ॐ.