फुकटची इंटर्नशिप कितीला पडते?

पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली की घरातून पहिला प्रश्न येतो, 'पैसे देणार का?' उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. 'मग आपले किती जाणार?' हे मात्र निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत कुणी विचारत नाही. ते अर्ज करण्याआधीच विचारायला हवं, कारण त्यावरून कुठे अर्ज करायचा हेही ठरतं.

आधी एक गल्लत दूर करू. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्या विद्यापीठांत एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे पंधरा दिवस. ही ओजेटी आणि संशोधनाचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओजेटीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहण्याची गरज नाही. नगरपालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, जवळच्या एमआयडीसीतला सामायिक प्रक्रिया प्रकल्प, साखर कारखान्याचा ईटीपी, जिल्ह्याच्या गावची पाणी तपासणी प्रयोगशाळा, यांपैकी काहीतरी घरून डबा नेण्याच्या अंतरावर असतंच. फक्त हंगाम पाहा. कारखान्याचं गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळा तापायच्या आत बहुतेक ठिकाणी आटोपतं. मे महिन्यात गेलात तर चालू ईटीपी पाहायला मिळणार नाही, डिसेंबर-जानेवारीत विचारा.

बाहेरगावी जायचं ते संशोधनासाठी. त्याचा हिशेब मांडून पाहू. जळगावची किंवा लातूरची एखादी विद्यार्थिनी दोन महिने पुण्यात पाषाणला राहिली असं धरा. पाषाण अशासाठी, की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था या तिन्ही त्याच रस्त्यावर आहेत. कॉट बेसिसवर जागा महिना ६ ते ९ हजार. दोन वेळची मेस ३ ते साडेतीन हजार, आणि रविवारी रात्री मेस बंद असते हे विसरू नका. बस, रिचार्ज, झेरॉक्स, साबण-सोडा मिळून दीड-दोन हजार. दोन महिन्यांचे झाले २१ ते २९ हजार. शिवाय एका महिन्याची अनामत अडकते. ती परत मिळते, पण दोनच महिन्यांसाठी आलेल्याच्या अनामतीतून 'साफसफाई'चे पैसे कापायची घरमालकांना खोड असते. आधीच लिहून घ्या. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढा जाण्यायेण्याचा भार हलका. नागपूर यापेक्षा स्वस्त पडतं. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जायचं असेल तर मे महिन्यात खोल्यांचे भाव पर्यटकांसाठी लावलेले असतात, हे धरून चाला. म्हणून निवड झाल्याचं कळताच पहिला प्रश्न वसतिगृहाचा विचारा. संस्थेच्या आवारात खाट मिळाली तर वरच्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम निम्म्याखाली येते.

पैसे देणाऱ्या जागा थोड्या आहेत, आणि त्या उन्हाळ्यात शोधून मिळत नाहीत. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, दरमहा विद्यावेतन आणि प्रवासभाडं. त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास भरावे लागतात. मे महिन्यात जायची इच्छा मार्चमध्ये जागी होणाऱ्यांसाठी ही योजना नाही. विषयगट निवडतानाही डोकं चालवा. भूजल, गाळ, हवामान असं काम असेल तर पृथ्वीविज्ञान. पक्षी, गवताळ प्रदेश, जलचर असेल तर जीवविज्ञान. पाण्यातली कीटकनाशकं शोधायची असतील तर रसायनशास्त्र. आणि एक लक्षात ठेवा, विद्यावेतन बहुधा काम संपत आल्यावर खात्यात येतं. पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत आणि मेस खिशातूनच. पंधरा हजार हाताशी असल्याशिवाय निघू नका.

बीएस्सीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांनी आपलं मंजुरीपत्र पुन्हा वाचावं. वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार उन्हाळी संशोधनासाठीच असतात. ते असून फुकटातली जागा धुंडाळणारे विद्यार्थी पाहिले की वाईट वाटतं.

दोन सरकारी योजनांची नावं मात्र उगाच कानावर पडतात. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना महिन्याला ५,००० रुपये देणार म्हणून गाजली, पण ती सुरू झाली तेव्हाच्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना जागा नव्हती. त्याच वर्षीची राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिना १०,००० देते, तीही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. पदवी आणि पुढचा प्रवेश यांच्यात वर्ष मोकळं असेल तरच या दोन्हींकडे वळा, आणि त्या वेळचे नियम स्वतः वाचा. नीती आयोगाची इंटर्नशिप भारदस्त दिसते खरी, पण ती बिनपगारी आहे आणि प्रत्यक्ष जायचं तर दिल्लीच्या खोलीचं भाडं तुमचं.

आता उलटा प्रकार: जिथे आपणच पैसे भरतो. काही सरकारी प्रयोगशाळा प्रबंधासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून महिन्याच्या हिशेबाने शुल्क घेतात. यात लबाडी नाही. रसायनं, काचसामान, उपकरणाचे तास यांना पैसे पडतातच. पण भरण्याआधी नीट विचारा. मार्गदर्शक कोण, नावानिशी? उपकरणावर माझा हात बसेल, की तंत्रज्ञ चालवतील आणि मी वहीत आकडे उतरवीन? नमुन्यांच्या तपासणीचं शुल्क या रकमेत धरलंय की वेगळं? मिळालेली आकडेवारी प्रबंधात वापरता येईल का? शुल्कावर जीएसटी आहे का, आणि पावती संस्थेच्या नावाची मिळेल का? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं तर पैसे घरी राहू द्या. उत्तरं सरळ आली तर थोडं शुल्क भरूनही ही जागा एखाद्या फुकट पण रिकाम्या इंटर्नशिपपेक्षा चांगली, असं माझं मत आहे.

सात दिवसांच्या 'प्रगत जलपरीक्षण प्रशिक्षणा'बद्दल मात्र एवढंच सांगतो: आपल्याकडच्या मानक पद्धतीने एका बीओडीच्या चाचणीला २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस लागतात. आठवड्यात ती किती वेळा करून पाहाल? पाचशे-हजार रुपयांत घरबसल्या 'पर्यावरण इंटर्नशिप'चं प्रमाणपत्र विकणाऱ्यांकडे तर फिरकूच नका. निवड करणारे प्रमाणपत्र पाहत नाहीत. 'नमुना घेतल्यावर नायट्रेटसाठी तो कसा साठवला?' असं विचारतात.

त्याच पैशांत खरं काही शिकता येतं. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरसंवेदन आणि जीआयएसचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते. क्यूजीआयएस आणि आर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एनपीटीईएलवर शिकायला पैसे नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण हजार रुपये. उपग्रहचित्रावरून आपल्या तालुक्यातल्या तळ्याचा पसारा दहा वर्षांत किती आटला, याचा एक नीट नकाशा जोडलात तर शास्त्रज्ञाला पाठवलेलं पत्र वाचलं जाण्याची शक्यता वाढते. पत्र दहा ओळींचं असावं, त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचून लिहिलेलं असावं, आणि एकाच वेळी चाळीस जणांना पाठवलेलं नसावं.

खासगी क्षेत्रात विचारायचं तर पर्यावरण सल्लागार कंपन्या आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांचे आघात-मूल्यांकन अहवाल त्या करतात, आणि त्यांना नॅबेटची मान्यता लागते. ती आहे का ते पाहून घ्या. तिथे हवा-पाणी-आवाजाच्या नोंदी घेत फिरावं लागतं. फिरतीचा खर्च, जेवण आणि सेफ्टी शूज कोण देणार, हे आधी ठरवा. बूटच हजाराच्या घरात जातात. कारखान्याच्या पर्यावरण विभागात जायचं तर जुलै-ऑगस्ट बरा. वार्षिक पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचं असतं, आणि वर्षभराचा पाणी-कचऱ्याचा ताळेबंद कसा जुळवतात ते तेव्हा जवळून दिसतं. यंत्रांजवळ काम असेल तर अपघात विमा काढा. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये जातात आणि २ लाखांचं संरक्षण मिळतं.

वाघ-बिबट्यांचं काम करायला उत्सुक असलेल्यांनी आधी परवानगीचं पाहावं. अभयारण्यात संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती एका सत्रात मिळेल या भरवशावर प्रबंध बेतू नये. ज्यांच्याकडे चालू प्रकल्पाची परवानगी आहे अशा संस्थेच्या गटात सामील होणं हाच शहाणा मार्ग. बुद्धपौर्णिमेला शुल्क भरून मचाणावर बसणं हा सुंदर अनुभव आहे, पण बायोडेटात तो 'वन्यजीव गणना' म्हणून लिहू नका.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित संशोधन घराजवळचं आहे. गावातल्या दहा विहिरी निवडा, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर त्यांचं पाणी घ्या. टीडीएसचा खिशातला मापक काही शे रुपयांत येतो, बरा पीएच मापक हजार-दोन हजारांत. नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. जल जीवन मिशननंतर त्या सर्वसामान्यांचेही नमुने अल्प दरात घेतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विद्यार्थ्याला तर फ्लोराइडचा प्रश्न दारातच आहे. महाविद्यालयातल्याच प्राध्यापकांना मार्गदर्शक करा. वर्षभराचा खर्च पुण्यातल्या एका महिन्याच्या कॉटपेक्षा कमी, आणि आकडेवारी तुमची स्वतःची.

एमएस्सी झाल्यानंतर मात्र फुकट काम करणं थांबवा. गेटमध्ये आता पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. शुल्क दोन हजारांच्या आसपास, मुलींना निम्मं. नेट किंवा गेटच्या जोरावर प्रकल्पात कनिष्ठ संशोधन अधिछात्र झालात, तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. प्रकल्प सहायकाची पदं याहून कमी पैशांची, पण पगारी. या जाहिराती वर्षभर संस्थांच्या संकेतस्थळांवर येत राहतात, मुदत पुष्कळदा पंधरा दिवसांचीच असते आणि तळाशी 'प्रवासभत्ता मिळणार नाही' ही ओळ ठरलेली. मुलाखत ऑनलाइन घ्याल का, असं फोन करून विचारायला लाजू नका. पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात.