पटावरचे नाव

आमच्या गावात गेल्या वर्षापासून अशी बोलवा आहे की, मी माझ्या मुलीपायी एका नावाजलेल्या शाळेची बेअब्रू केली, मुख्याध्यापकांना या वयात जाबजबाब द्यायला लावले आणि एवढे करून अखेर मुलीला तेथून काढून नेले. या बोलण्यास उत्तर देण्याची मला इच्छा नव्हती. परंतु ज्यांच्या घरी माझ्या मुलीसारखे मूल आहे असे आईबाप हल्ली माझ्याकडे विचारपूस करण्यास येतात ते दबकत येतात, आणि ‘शाळेशी वाकडे घेतले तर पोराचेच हाल होतील’ असा निश्चय बोलून दाखवून उठून जातात. तेव्हा खरी हकिकत लेखी मांडणे मला अगत्याचे वाटू लागले.

माझ्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तिच्या पायांचे स्नायू ताठ असतात, ती वॉकर धरून चालते, लिहिताना हात सावकाश चालतो आणि तिचे उच्चार नवख्या माणसास प्रथम कळत नाहीत. बुद्धीत मात्र काडीचाही उणेपणा नाही. पाचवीच्या प्रवेशासाठी आम्ही त्या अनुदानित शाळेत गेलो तेव्हा मुख्याध्यापक अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “ताई, आमच्याकडे सोय नाही. मुलीच्या भल्यासाठीच सांगतो.” मी तहसील कचेरीत आयुष्य घालवलेली बाई, एवढेच म्हणाले की, सोय नाही म्हणून प्रवेश देता येत नाही, हे आपण कृपा करून लेखी द्यावे. दुसऱ्या दिवशी प्रवेश मिळाला. कारण लेखी देण्याजोगे त्यांच्यापाशी काहीच नव्हते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची चाचणी घेऊन निवड करण्यास बंदी केली आहे. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहाव्यापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याची इच्छा असल्यास विशेष शाळेत, विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे.

प्रवेशानंतर शाळेने उतरण बांधली. तिचे उद्घाटन झाले, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी माझ्या मुलीला मध्ये उभी करून छायाचित्र काढविले आणि ते संस्थेच्या अहवालात छापले. शाळेचे जोते दोन फूट उंच आहे. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी हे उतरणीचे मान्य प्रमाण असल्यामुळे तेथे चोवीस फूट लांबीची तजवीज करावयास हवी होती. परंतु पायऱ्यांवर आठेक फुटांचा सिमेंटचा घसरता उतार ओतून, त्याला कठडाही न लावता, काम पुरे झाल्याचा शेरा मारण्यात आला. त्या उतारावर वॉकर टेकताच पुढे निसटत असे. मग शाळेतील मावशी तिला बखोटीस धरून वर चढवीत, आणि अकरा वर्षांची समंजस मुलगी सगळ्या शाळेदेखत अशी उचलली जाताना मान खाली घालीत असे. मी तोंडी सांगितले, विनंती केली; “करू, करू” यापलीकडे उत्तर नव्हते.

तरीही वर्गात शिकते आहे ना, या समाधानावर आम्ही दिवस काढीत होतो. सहावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुटीनंतर, फिजिओथेरपीसाठी तिला लवकर न्यावे म्हणून मी एके दुपारी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर हलविल्याचे मला शिपायाकडून कळले. माझी मुलगी तेथे नव्हती. ग्रंथालयालगतच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये, तिच्यासाठी एक टेबल मांडले होते. मावशी शेजारी बसून शेंगा सोलीत होत्या, आणि माझी सहावीतली मुलगी बालवाडीच्या पुस्तकातला पोपट हिरव्या खडूने रंगवीत होती. वरून तिच्याच वर्गाचा एका सुरात उत्तरे देण्याचा आवाज येत होता. मी विचारले, “तू वर का नाहीस?” ती म्हणाली, “जिना आहे ना, आई. गणिताला आणि विज्ञानाला मी इथेच असते. आता बाकीच्या तासांनापण.” “मग वह्या कशा भरतात?” “मावशी सायलीची वही आणून देतात, मी उतरवून घेते.”

तिने हे इतक्या सहजतेने सांगितले की ते माझ्या जिव्हारी लागले. घरी रोज तपासलेल्या, सुवाच्य, पूर्ण भरलेल्या वह्यांचा उलगडा मला तेथे झाला. मी कार्यालयात जाऊन हजेरीपट पाहण्यास मागितला. एकही खाडा नव्हता. दिवाळीपासूनचा प्रत्येक दिवस माझी मुलगी वर्गात हजर होती, आणि त्या पटाच्या आधारावर शाळेच्या दप्तरी समावेशित शिक्षणाचे काम चोख चालले होते.

मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली, चहा मागविला आणि म्हणाले, “ताई, जिन्यावरून पडली असती तर तुम्हीच आम्हाला धरले असते. इतर पालकांचाही विचार करावा लागतो. आणि आम्ही तिला ठेवून तरी घेतले आहे. दुसऱ्या शाळेने तेही केले नसते.” मी सुचविले की, सहावीचा वर्ग खाली आणावा आणि खालचा एखादा वर्ग वर न्यावा, त्यास एक पैसाही खर्च नाही. त्यावर ते म्हणाले की, तळमजला पूर्वापार कार्यालयास व दहावीच्या वर्गांस आहे. एका मुलीसाठी शिरस्ता मोडता येत नाही, हे त्यांचे अखेरचे वाक्य. माझ्या हक्काच्या गोष्टीसाठी माझ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणारा तो स्वर अजूनही माझ्या कानांतून जात नाही. पुढे पालकांच्या सभेत, मी समोर बसले असताना, ‘एका विद्यार्थिनीमुळे अभ्यासक्रम मागे पडतो’ असे ते नाव न घेता बोलले. आणि ज्या मुलीला वर्गात बसूच दिले नव्हते तिच्यामुळे वर्ग मागे कसा पडला, हे त्या सभेत एकाही पालकाने विचारले नाही.

अशा मुलांस शक्य तेथवर सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, हा विचार कोठारी आयोगाने 1966 मध्येच मांडला होता, आणि आपले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात तरी हा विचार परका मानण्याचे कारण नाही.

आता जे माझ्यासारखे या वाटेने जात आहेत त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, तोंडी बोलण्यावर विसंबू नये. प्रत्येक मागणीचा अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. अर्जात ‘योग्य त्या सोयी मिळाव्यात’ असे मोघम लिहिले की मोघमच उत्तर येते. ‘माझ्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर भरावा’, ‘उतरणीची लांबी चोवीस फूट असावी व दोन्ही बाजूंस कठडा असावा’, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचे एक दार वॉकर आत जाईल इतके रुंद करावे’, असे एकेक कलम वेगळे लिहावे. 2016 च्या कायद्याचे सोळावे कलम अर्जात नमूद करावे. इमारत सुगम असावी, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय व्हावी, याबरोबरच अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवावे, असेही ते कलम शाळांना बजावते.

मुलाला ‘आज काय शिकलीस’ असे न विचारता ‘गणिताच्या तासाला कुठे बसली होतीस, शेजारी कोण होते, फळ्यावर काय लिहिले होते’ असे विचारावे. पूर्वसूचना न देता शाळेत जावे. वही भरलेली दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना भेटून आपल्या मुलाचे नाव त्यांच्या यादीत आहे की नाही ते पाहावे, आणि मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता व मुलींसाठी दरमहा 200 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता यांची चौकशी तेथेच करावी. अनुदानित शाळेतही व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचे बहुमत असते. समितीवर जाता आले तर जरूर जावे. धीर धरावा, वर्गशिक्षिकेशी गोडीने वागावे, हेही सांगते. मीही तसेच वागले, आणि त्याचा उपयोग शिक्षिका भली असेल तरच होतो.

एवढ्याने भागले नाही तर पुण्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. संबंधितांस हजर राहण्यास फर्माविण्याचे व दप्तर मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. मी तेच केले. वकील दिला नाही. शिक्का मारलेल्या अर्जांच्या प्रती जोडल्या. नोटीस निघताच सहावीचा वर्ग खाली आला, आणि पूर्वापारचा शिरस्ता एका रविवारात मोडला. मात्र त्यानंतर तिच्याशी बोलणे शिक्षकांनी कमी केले, सहलीच्या यादीतून तिचे नाव गळाले, आणि मुले घरी ऐकलेले तिला ऐकवू लागली. सातवीत मी तिला वस्तीजवळच्या जिल्हा परिषदेच्या बैठ्या शाळेत घातले. तेथील गुरुजींनी पहिल्याच दिवशी तिला तीन बाकांवर आळीपाळीने बसवून फळा कोठून नीट दिसतो आणि वॉकर कोठे ठेवला तर हाताशी राहील, हे तिच्याकडूनच विचारून घेतले. गावाला हे ‘काढून नेणे’ दिसले.

आणखी एक सांगायचे राहिले. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. परंतु त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जावा लागतो, आणि शाळा तो आपणहून पाठवील या भरवशावर राहू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, युडीआयडी ओळखपत्र आणि लिहिण्याच्या अडचणीबद्दल डॉक्टरांचा दाखला नववीतच तयार ठेवावा. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत परीक्षेपूर्वी संपत नाही ना, हे आजच पाहावे. नूतनीकरणासाठी जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळापुढे जाण्यास वेळ लागतो.