टायर कुठून खाल्लाय?

१. टायर डोळ्यांपेक्षा तळव्याला जास्त कळतो. माझी जिप्सी घाटात आणि कच्च्या रस्त्यांवर फिरते. धुळीने माखलेल्या टायरकडे नुसतं बघून काही उमगत नाही. म्हणून तळवा नक्षीवरून आडवा फिरवायचा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडे गुळगुळीत आणि उलट फिरवताना धार लागली, तर टो बिघडलेला: चाक किंचित तिरकं फरफटत चाललंय. तळवा टायरच्या गोलाईने फिरवताना ठोकळ्यांची एकच कड उंच लागली, तर ती गोष्ट वेगळी. जाड ठोकळ्यांच्या टायरना हे थोडंफार होतंच. चाकं वेळेवर आलटूनपालटून लावली की आटोक्यात राहतं.

२. हवेचं खरं-खोटं खडू सांगतो. रेडियल टायर हवा बरोबर असतानाही खाली जरा फुगलेलाच दिसतो. थंड टायरवर आडवी खडूची रेघ ओढायची आणि सपाट डांबरावर थोडं सरळ जायचं. रेघ फक्त मध्ये पुसली तर हवा जास्त, फक्त दोन्ही कडांना पुसली तर कमी. टायरची झीजही तशीच होते.

३. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. टायर एका बाजूने खाल्लेला दिसला की जो तो आधी अलाइनमेंटच सांगतो, आणि इथेच मला वाद घालावासा वाटतो. जिप्सीला पुढेही अख्खा ॲक्सल आणि पाटे आहेत. मशीनवर कॅम्बरचा आकडा लाल दिसला तरी तो फिरवायला बोल्टच नाही. जुळवता येतो तो फक्त टो. आणि सांधे ढिले असतील तर जुळवलेला टो पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकायचा. म्हणून आधी जॅक. चाक उचलून डावी-उजवी बाजू धरून हलवलं आणि खडखडलं, तर संशय टाय रॉडच्या टोकावर. वर-खाली धरून हललं तर चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिनचं. या दोन्हींतला फरक कळायची युक्ती एका जुन्या मिस्त्रींनी दाखवली, आणि तिचं मला आजही कौतुक वाटतं: कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ढिलेपणा नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन. यंत्र नाही, पैसा नाही, फक्त दोन माणसं.

४. फोर बाय फोरमध्ये चारही टायर एकमेकांशी बांधलेले असतात. माझ्या लेखी सगळ्यात मोठा धडा हाच. जिप्सीसारख्या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं. फोर हाय लावलं की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरणार. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक जरासं घसरून तो फरक फेडतं. कोरड्या डांबरावर तो फेडायला रबरच खर्ची पडतं. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, गिअर निघता निघत नाही. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.

वळणाचं एक वेळ समजतं. सरळ रस्त्यावरही हे होऊ शकतं, याचं मला आश्चर्य वाटलं. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असतील, नक्षीच्या खोलीत ५ मिलिमीटरचा फरक असेल, तर २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे ३१ मिलिमीटरने बदलतो. किलोमीटरमागे तो फरक १५ मीटरच्या आसपास जातो. फोर हायमध्ये तेवढं अंतर कुठलं तरी चाक घासत जाणार. ‘सध्या दोनच नवे घ्या’ हा सल्ला साध्या गाडीला चालतो, इथे तो महाग पडतो.

५. नक्षीवर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खोलगट भाग दिसले, तर शॉकअप, बॅलन्सिंग आणि बेअरिंग बघावं. बंपर दाबून बघण्याने पाट्यांच्या कडक गाडीत फारसं कळत नाही; शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत का, ते बघावं.

६. स्टेपनी पाचवा टायर आहे. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर उन्हात तापत असते. न वापरताच म्हातारी होते. टायरच्या बाजूवर २३१९ असं असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवतो आणि प्रत्येकाची आतली, मधली, बाहेरची खोली गेजने मोजून वहीत लिहितो. कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर आहे, पण माझी नजर तिच्यावर नसते. एकाच टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडेत मिलिमीटरभर फरक दिसला की मी जॅक काढतो.