ज्वारी लेकराला जड पडते का?

प्रश्न : माझी मुलगी परवाच सहा महिन्यांची झाली. पुढच्या आठवड्यात माझा भाऊ उष्टावणाला येतोय. फोनवर बघावं तिथं नाचणी सत्त्व, नाचणी सत्त्व. आमच्याकडे नाचणी कोण पेरतं? घरात ज्वारीची पोती आहेत. पण सासूबाई म्हणतात, ज्वारी एवढ्या लेकराला जड पडते. भाताची पेज आणि वरणाचं पाणीच दे. ज्वारी खरंच जड असते, की ही नुसती समजूत?
— एक आई, ता. सेलू, जि. परभणी

ताई, तुमच्या सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे. १९८१ साली पेरू देशात संशोधकांनी सहा महिने ते अडीच वर्षं वयाच्या मुलांना ज्वारीची नुसती शिजवलेली पेज देऊन पाहिली. पेजेतल्या प्रथिनांपैकी जेमतेम ४६ टक्के मुलांच्या अंगी लागली, बाकीची तशीच बाहेर पडली. ज्वारीतलं मुख्य प्रथिन पाण्यात शिजताना असं काही घट्ट बांधलं जातं, की पोटातल्या पाचकरसांना ते सुटं करता येत नाही. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. भाकरीसोबत वरण, भाजी, ठेचा, दही असतंच. सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीत मात्र दुसरं काहीच नसेल, तर ज्वारी जड ठरते.

पण गोष्ट तिथं संपली नाही. त्याच प्रकारच्या पुढच्या अभ्यासात कोंडा काढून, दाबाखाली गरम करून फुलवलेली ज्वारी मुलांना दिली, तेव्हा ८१ टक्के प्रथिन अंगी लागलं. धान्य एकच होतं, फरक करण्याच्या रीतीत होता. आफ्रिकेत सुदानच्या बायकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. तिथं ज्वारीचं पीठ आंबवून बाळांसाठी पातळ खीर करतात, आणि आंबवण्यानं ज्वारी पचायला हलकी होते हे तपासणीतही दिसलं आहे. आपल्याकडे वेगळं काय करायचं? आपल्या घरात आंबील आहेच. सासूबाईंना म्हणा, ज्वारी हलकी करायची रीत तुम्हालाच माहीत आहे, तीच बाळासाठी करा.

रीत अशी. बारीक चाळणीनं चाळलेलं ज्वारीचं दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी ताज्या, पातळ ताकात कालवून झाकून ठेवायचं. थंडीत रात्रभर. परभणीच्या मे महिन्यात मात्र पाच-सहा तास पुरे, नाहीतर इतकं आंबट होतं की बाळ तोंड वाकडं करतं. पिठावर बारीक बुडबुडे आले, आंबूस वास सुटला की झालं. पातेल्यात एक मोठा चमचा मूगडाळ मऊ शिजवून घोटायची, त्यात हे पीठ सोडायचं आणि मंद आचेवर ढवळत दहा मिनिटं तरी शिजवायचं. कच्चा वास गेला की उतरवून अर्धा ते एक लहान चमचा तूप. मीठ नको, साखर नको, गूळही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ वेगळं लागत नाही, आणि एकदा गोडाची चटक लागली की वरण-भाजी नको होते. मुगाची डाळ विसरू नका. ज्वारीत प्रथिनाचा एक महत्त्वाचा घटक तोकडा असतो, तो डाळ भरून काढते.

आता सासूबाईंशी माझा मतभेद आहे तो पातळ पेजेवरून आणि वरणाच्या पाण्यावरून. मराठवाड्यातल्या लेकरांचं सगळ्यात जास्त नुकसान ज्वारीनं केलेलं नाही, या पाण्यानं केलं आहे असं मी ठामपणे म्हणेन. हिशेब बघा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात. वाटीभर पाण्यात चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम, पीठ घालून केलेल्या पेजेत त्यातल्या पस्तीसच असतात. २०० व्हायला अशा जवळजवळ सहा वाट्या पाजाव्या लागतील. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं दोनशे मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे पोट भरतं, ढेकर येतो, लेकरू गप झोपतं, आणि घरच्यांना वाटतं झालं. वजनाची रेघ मात्र आडवी व्हायला लागते. त्याऐवजी पंचवीस ग्रॅम पीठ, दहा ग्रॅम डाळ आणि लहान चमचाभर तूप यांची घट्ट वाटी केली, तर तीत १६५ च्या आसपास कॅलरी येतात. डाळीचं पाणी वेगळं काढून देण्यापेक्षा डाळच घोटून द्या. ताकद खालच्या साक्यात असते, वरच्या पाण्यात नसते.

घट्ट म्हणजे किती? चमचा तिरका केला तर पेज ओघळून जाता कामा नये, चमच्याला धरून राहून हळू सरकली पाहिजे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे खाल्ले तरी पुष्कळ झालं. मग हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि मधे एखादं फळ. आधी अंगावर पाजा, मग वाटी, असं सुरुवातीला चाललं तर हरकत नाही.

फार घट्ट झाली आणि बाळ गिळेना, तर पाणी ओतू नका. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात एक सोपी गोष्ट दाखवून दिली. गव्हाला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेलं पीठ चिमूटभर जरी गरम घट्ट पेजेत घोटलं, तरी ती काही मिनिटांत पातळ होते, कारण मोडातली पाचकद्रव्यं पिठाची चिकट खळ फोडतात. पाणी न वाढवता पेज सैल होते आणि ताकद तेवढीच राहते. पेज खाली उतरवून जरा निवली की हे पीठ घाला. उकळत्या पेजेत घातलं तर त्याचा गुण जातो. पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी काढायची. मोड आणायचे ते गव्हालाच आणा. ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्यामुळेच. हे तुमच्या घरातल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

नाचणीचं म्हणाल तर ती उत्तमच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीत तीसच्याही आत. पण या वयात बाळाचं कॅल्शियम मुख्यतः तुमच्या दुधातून येतं, आणि पुढं तीळ भाजून, बारीक कुटून चिमूट-चिमूट पेजेत घालता येतात. त्यासाठी महागडी पाकिटं मागवायची गरज नाही. तुमचे पैसे अंड्यावर खर्च करा. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं सहा महिन्यांनंतर कुस्करून द्यायला काहीच हरकत नाही.

खरी अडचण लोहाची आहे. पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा बाळाला साधारण सहा महिने पुरतो, आणि दुधात लोह फारच थोडं असतं. वरचं खाणं सहाव्या महिन्यानंतर लांबवायचं नाही, ते मुख्यतः यासाठी. मामाला रजा मिळेना म्हणून उष्टावण आठव्या महिन्यावर गेलं, तर समारंभ तेव्हा करा, पण वाटी आजच सुरू करा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी ६९ जणांचं रक्त कमी आढळलं. हा आकडा वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण यातलं बरंच टाळता येण्यासारखं आहे.

आणि इथं परभणीकरांनी अभिमानानं सांगावं असं काही आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर ते तयार झालं. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं हे देशातलं पहिलं ज्वारीचं वाण. किलोमागे साधारण ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त. नेहमीच्या ज्वारीत हे प्रमाण ३० आणि २०च्या आसपास असतं. शिवाय लोह अडवून धरणारं फायटेटही तिच्यात कमी आहे. हे खरिपाचं वाण आहे. १८ मेला, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, परभणीत खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो आणि बियाण्याची विक्री होते, तेव्हा घरच्यांना चौकशी करायला सांगा. तुमच्या घरात धान्य पोत्यानं येतं. ते कुठल्या वाणाचं असावं हे ठरवताना घरातल्या बाईनंही बोलावं असं मला मनापासून वाटतं.

तरीही तीस ग्रॅम शक्ती ज्वारीतून दीड मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. म्हणून आशाताई आणून देतात ती लोहाची बाटली बाजूला ठेवू नका. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर. शी काळसर होते, त्याला घाबरू नका. वाटीत लिंबाचे दोन थेंब पिळले किंवा नंतर पिकलेल्या पेरूचा गर, बिया काढून, चाटवला तर धान्यातलं लोह अधिक शोषलं जातं.

उष्टावणाच्या दिवशी मध मात्र चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. मामा चांदीच्या वाटीत भरवणार असेल तर वाटी उकळून घ्या, आणि पहिला घास म्हणून सासूबाईंच्या हातची आंबील भरवा.

प्रश्न : सव्वा वर्षाचा मुलगा आहे. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट आवडीनं खातो, दुसरं काही तोंडात घेत नाही. चालेल का?
— एक वाचक, पूर्णा

चालणार नाही. चहातलं टॅनिन खाण्यातलं लोह अडवतं, बिस्किटात मैदा आणि साखर. वर सकाळची भूक, जी दिवसातली सगळ्यात खरी भूक, त्यावरच मरते. तीन दिवस रडेल. त्या तीन दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकमतानं राहायचं, आजोबांनीसुद्धा. त्याच वेळी, त्याच पाटावर, दुधात कुस्करलेली भाकरी किंवा वरणातला कुटका ठेवा आणि त्याच्या शेजारी बसून तुम्हीही तेच खा. शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या मात्र त्याच्या हातात देऊ नका. पाच वर्षांपर्यंत हे पदार्थ श्वासनळीत अडकण्याचा धोका असतो. दाण्याचं बारीक कूट खुशाल द्या.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. तोवर लेकरू वर्षाचं होईल. अंगावरचं तोडून त्याला आजीजवळ ठेवावं की सोबत न्यावं? शेजारणी म्हणतात, कोरफड लाव, दोन दिवसांत सुटतं.
— एक आई, ता. गंगाखेड

ताई, सोबत न्यावं की ठेवावं हे तुम्हीच ठरवाल; फडावरची थंडी, कोयत्याचं काम आणि पहाटेची गाडी तुम्ही जाणता, मी नाही. एवढंच सांगते, की जाण्याच्या तोंडावर अचानक तोडू नका. दुसऱ्या वर्षातही अंगावरच्या दुधातून लेकराला एकूण लागणाऱ्या ताकदीतला तिसरा हिस्सा मिळू शकतो, आणि हगवण लागली, ताप आला, की पोटात टिकतं ते बऱ्याचदा तेवढंच. दूधही तुटलं आणि आईही दूर गेली, तर लेकरू दोन्हीकडून उघडं पडतं. कोरफड, कडुलिंब लावून लेकरू सुटतं खरं, पण ज्या जागी आजवर जीव निवला तीच जागा कडू का झाली हे त्याला कळत नाही. मला ती रीत पटत नाही.

सोबत नेलंत तर पहाटे आणि रात्री पाजत राहा. तेवढं दूध आपोआप येत राहतं. दिवसाच्या खाण्यासाठी घरूनच पीठ करून न्या : तीन वाट्या ज्वारी, एक वाटी मूगडाळ वेगवेगळी खमंग भाजून, बारीक दळून, घट्ट झाकणाच्या डब्यात. कोपीवर चूल पेटली की दहा मिनिटांत वाटीभर शिजतं. त्यावर चमचाभर तेल किंवा तूप. सकाळचं शिजवलेलं दुपारी देऊ नका, आणि दूध बाटलीनं पाजू नका. फडावर बाटली उकळायची सोय नसते. वाटी-चमचा बरा.

ठेवायचंच ठरलं, तर निघायच्या दीड-दोन महिने आधी दिवसाचं एकेक पाजणं कमी करत जा. त्या वेळेला आजीच्या हातानं वाटी द्या, म्हणजे तिच्या हातचं खायची सवय तुम्ही घरात असतानाच लागेल. रात्रीचं सगळ्यात शेवटी. छाती भरून दुखली तर थोडं दूध पिळून काढा, घट्ट बांधू नका. वर्ष झालं असल्यानं गाई-म्हशीचं उकळलेलं दूध आता चालेल, पण दिवसाला दोन वाट्यांच्या वर नको, नाहीतर भाकरी-वरणाची भूक उरत नाही.

दोन्ही वेळी निघण्याआधी अंगणवाडीताईंकडे वजन करून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड जवळ असू द्या. सोबत नेणार असाल तर लेकराची नोंद जिथं ऊसतोडीला जाता त्या गावच्या अंगणवाडीत हलवता येते का, हे त्यांनाच विचारा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज पूरक आहार मिळायला हवा असा नियम आहे, आणि तो तुमच्या लेकराला कारखान्याच्या गावातही लागू आहे. तिथं कोणी नाही म्हटलं तर कार्ड दाखवून पुन्हा मागा.