दोन क्षेत्रांची एकच शीव

शेताचा बांध कोणाचा, हा प्रश्न आपल्या खेड्यांना नवा नाही. बांध एकच असतो, परंतु तो दोन्ही शेतांचा असतो. नकाशातही दोन शेजारी क्षेत्रांमधील रेषा अशीच सामाईक असते. संगणकावरील नकाशात ही एकच रेषा दोनदा काढली गेली, तर काय घडते आणि त्यावर उपाय कोणता, हे या पाठात पाहावयाचे आहे.

यमुनेचे उदाहरण

हरियाणा व उत्तर प्रदेश या राज्यांमधून यमुना वाहते. पूर्वी नदीचा खोल प्रवाह हीच तेथील हद्द मानली जात असे. पूर ओसरला की प्रवाह सरके, आणि काल पश्चिम तीरावर असलेले शेत आज पूर्व तीरावर जाई. मग पीक कोणी कापावे, यावरून तंटे होत. उमाशंकर दीक्षित यांच्या निवाड्याच्या आधारे संसदेने १९७९ मध्ये कायदा केला आणि चंचल प्रवाहाऐवजी स्थिर सीमा ठरविली. तरीही पुरात सीमास्तंभ वाहून गेले आणि काठच्या जमिनीवरून वाद होत राहिले.

पुढे १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी प्रदेशाच्या आखणीसाठी मंडळ स्थापन झाले. या प्रदेशात संपूर्ण दिल्ली आणि हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांचे काही जिल्हे येतात. अशा प्रदेशाचा एकत्र नकाशा करताना निरनिराळ्या राज्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. तेथेच सामाईक रेषेची कसोटी लागते.

चीर आणि अधिव्याप्ती

संगणक प्रत्येक क्षेत्र बहुभुज म्हणून, म्हणजे बिंदूंच्या मालिकेने, साठवितो. आता असे समजा की, नदीच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांचे बहुभुज दोन निराळ्या माणसांनी काढले. दोघांचाही हात कुशल असला, तरी दोन रेषा तंतोतंत एक होत नाहीत. कोठे दोहोंमध्ये फट राहते. तिला चीर म्हणू. कोठे एक क्षेत्र दुसऱ्यावर चढते. ती अधिव्याप्ती होय.

हा दोष डोळ्यांस क्षुल्लक वाटतो, परंतु हिशेबात तो मोठा असतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर २५ मीटर जागा व्यापते. दोन रेषांत सरासरी ५ मीटरचाच फरक असला, तरी १० किलोमीटर लांबीच्या सीमेवर ५०,००० चौरस मीटर, म्हणजे ५ हेक्टर जमीन संशयात सापडते. चिरेतील शेत कोणत्याच जिल्ह्यात मोजले जात नाही, तर अधिव्याप्तीतील शेत दोहोंकडे मोजले जाते. पुराची भरपाई वाटताना याचा अर्थ काय होईल, हे सांगावयास नको.

उपाय

पहिला उपाय बिंदू जुळविण्याचा. एक अंतर ठरवून त्याहून जवळ असलेले बिंदू संगणक एकाच जागी आणतो. या अंतरास सहनमर्यादा म्हणता येईल. ती फार लहान ठेवली, तर चिरा तशाच राहतात. ती २० मीटर केली, तर १० मीटर रुंदीच्या नाल्याचे दोन्ही काठ एक होऊन नालाच नाहीसा होतो.

शिवाय टोके जुळली म्हणजे रेषा जुळल्या, असे नव्हे. एका रेषेत वळणावर बिंदू असेल आणि दुसरी तेथून सरळ जात असेल, तर मध्ये फट राहतेच. म्हणून एका रेषेवरील प्रत्येक बिंदूस दुसरीवर जोडीदार द्यावा लागतो.

दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे. सीमारेषा एकदाच साठवावयाची आणि तिच्या डावीकडे कोणते क्षेत्र व उजवीकडे कोणते, याची नोंद ठेवावयाची. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९६७ च्या सुमारास रस्त्यांच्या नोंदीसाठी हीच पद्धत घडविली. अशा नकाशात सीमेवरचा एक बिंदू हलविला की, दोन्ही क्षेत्रे त्याबरोबर बदलतात. रेषाच एक असल्याने तिच्या दोन बाजूंत फट पडू शकत नाही.

संगणकाची मर्यादा

दोन रेषांपैकी खरी कोणती, हे मात्र संगणकास कळत नाही. मधोमध रेषा ओढणे त्याला सोपे असते; परंतु मध्य म्हणजे न्याय नव्हे. त्यासाठी कायद्यातील वर्णन, जमिनीवरील स्तंभ आणि नवे मोजमाप यांचाच आधार घ्यावा लागतो. आधी प्रमाण रेषा ठरवावी आणि मगच दुसरी तिच्याशी जुळवावी, हा क्रम कधीही मोडू नये.

प्रयोग

पारदर्शक कागदाचे दोन तुकडे घ्या. एकावर आपला तालुका आणि दुसऱ्यावर शेजारचा तालुका एकाच नकाशावरून गिरवा. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून प्रकाशात धरा. सामाईक सीमेवर चिरा किती व अधिव्याप्ती किती, हे मोजा. मग एकाच कागदावर मधली सीमा एकदाच काढून दोन्ही तालुके पूर्ण करा. बांध एकच का असावा, हे त्यावरून सहज उमजेल.