शौचकूपातील पाणी का अडते?

घरातील बैठकीची खोली स्वच्छ ठेवा, असे कोणी सांगावे लागत नाही. कारण ती पाहुण्यांच्या दृष्टीस पडते. शौचकूपाची गोष्ट निराळी. तेथील मळ वाहून जाईनासा झाला, म्हणजे घरची मंडळी प्रथम नाक दाबतात, मग बादल्यांवर बादल्या ओततात, आणि शेवटी कोणा गरिबास चार पैसे देऊन ते काम त्याच्या गळ्यात घालतात. वस्तुतः ज्यास थोडे पदार्थविज्ञान व थोडे रसायनशास्त्र अवगत आहे, त्यास बहुतेक दोषांचे मूळ स्वतः शोधून काढता येते. ते कसे, हे ह्या पाठात पाहू.

प्रथम रचना समजून घ्यावी. भांड्याखालील नळ एकदा खाली वळून पुन्हा वर चढतो व मग उतरतो. ह्या वाकात सदैव थोडे पाणी साचून राहते आणि त्यामुळे गटारातील दुर्गंध घरात शिरत नाही. अलेक्झांडर कमिंग नामक घड्याळे बनविणाऱ्या कारागिराने १७७५ साली इंग्लंडात असा वाकडा नळ असलेल्या शौचकूपाचे पेटंट मिळविले. आजच्या भांड्यांतही तेच तत्त्व आहे. आता हा वाक ओलांडून मळ पलीकडे लोटावयाचा, तर पाणी नुसते पुष्कळ असून भागत नाही. ते एकदम व वेगाने आले पाहिजे. एक बादली पाणी तांब्यातांब्याने ओतले, तर ते वाकावरून निमूटपणे ओघळून जाते व मळ जागीच राहतो. तेच पाणी एका दमात ओतले, तर मळास घेऊन जाते.

ह्यावरूनच दोष ओळखण्याची एक सोपी परीक्षा निघते. भांडे तुंबून भरलेले नसेल, तेव्हा आठ-दहा लिटर पाण्याची बादली त्यात एकदम रिकामी करावी. मळ सहज निघून गेला, तर भांडे व नळ निर्दोष असून दोष वरच्या टाकीत आहे, असे समजावे. पाणी वर चढून हळूहळू उतरले, तर अडथळा खाली आहे, हे निश्चित.

दोष टाकीत असेल, तर झाकण काढून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाण्याची पातळी. जादा पाणी वाहून जाण्याच्या उभ्या नळीच्या तोंडाखाली सुमारे एक इंच पाणी असावे. कमी असल्यास तरंगत्या गोळ्याचा स्क्रू फिरवून पातळी वाढवावी. दुसरी, तळाची रबरी झडप. ती पुरती उचलली जाते की अर्ध्यातच मिटते, हे पाहावे. ती गळते की काय, हे कळण्यासाठी टाकीत शाईचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबावे. टाकी न सोडताच भांड्यात रंग उतरला, तर झडप बदलावी. जेथे उन्हाळ्यात नळास काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्या अकोल्यासारख्या गावी ही गळती लहान गोष्ट नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडास विशेष लागू आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे, आणि त्याबाहेरही अनेक कूपनलिकांचे पाणी जड असते. अशा पाण्यातील चुन्याचा अंश हळूहळू साचून पांढरी खपली धरते व भांड्याच्या काठाखालील बारीक छिद्रे बुजतात. मग टाकी भरलेली असूनही पाण्यास जोर राहत नाही. ही खपली मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असल्यामुळे सौम्य आम्लात विरघळते. लिंबाचे सत्त्व कोमट पाण्यात कालवून अथवा व्हिनेगरमध्ये फडके भिजवून ते रात्रभर काठाखाली लावून ठेवावे आणि सकाळी ब्रशाने घासावे. जे बुडबुडे दिसतात, तो कार्बन डायऑक्साइड वायू होय. प्रयोगशाळेत खडूवर आम्ल टाकून तुम्ही तोच पाहिला आहे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आम्ल व ब्लीचिंग पावडर ही एकत्र कधीही करू नयेत. त्यांपासून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि कोंदट खोलीत तो प्राणावर बेततो.

अडथळा खाली असेल, तर दांड्याचे रबरी पंप भांड्याच्या तोंडाशी घट्ट बसवून काही वेळ खालीवर दाबावे. वाकात अडकलेली चिंधी वा कागद बहुधा सुटतो. उकळते पाणी ओतू नये, चिनी मातीचे भांडे तडकते. एवढ्याने न भागल्यास जमिनीतील नळ पाहावा लागतो. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; त्या ओढाताणीत नळाचे सांधे निसटतात व उतार बिघडतो. हे काम जाणत्या प्लंबराचे आहे.

परंतु घरातील सर्वच मोऱ्या एकदम तुंबू लागल्या, तर बहुधा सेप्टिक टँक भरला आहे, असे जाणावे. येथे विद्येची खरी कसोटी लागते. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साचलेला असतो. प्रथम त्याची घाण येते. पण प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि वास नाही म्हणून धोका नाही, असे समजून उतरलेला मनुष्य क्षणात कोसळतो. त्यास काढावयास उतरलेला दुसराही वर येत नाही. सुरक्षेच्या साधनांवाचून कोणासही अशा टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी शोषयंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी. ज्या वर्गाच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, त्यातील कोणास पैशाच्या मोहाने आत लोटू नये.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगाव झाडली, आणि १९५६ साली ह्याच जिल्ह्यात देह ठेवला. घाण काढणे हे हलके काम नव्हे, हे त्यांनी स्वतः करून दाखविले. आपल्या घरच्या शौचकूपाची टाकी उघडून पाहण्यास जो विद्यार्थी लाजणार नाही, तो पाण्याची बचत तर करीलच, पण एखाद्या घरचा मिळवता हात आणि त्याचा जीवही वाचवील.